झोप पुरत नाही आणि वजन उतरत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवडमध्ये मी बरीच वर्षं आहारसल्ला देते आहे. वजनाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आता "काय खाता?" हा प्रश्न आधी विचारत नाही. "रात्री कितीला पडता आणि सकाळी कितीला उठता?" इथून सुरुवात करते. बरेच जण चमकतात. पण चारच्या दोन पोळ्या केल्या, साखर सोडली, तरी काटा जागचा हलत नाही, अशा माणसांच्या वह्यांमध्ये मला पुन्हा पुन्हा एकच नोंद दिसली: झोप पाच तास, साडेपाच तास. खालचे प्रश्न अशाच लोकांनी समोर बसून, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर विचारलेले आहेत.

झोपेत आपण नुसते पडून असतो. मग जागं राहिलं तर उलट जास्त कॅलरी जळायला नकोत का?

जळतात की. २०१३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हे मोजून पाहिलं. माणसांना पाच रात्री फक्त पाच-पाच तास झोपू दिलं. त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च साधारण पाच टक्क्यांनी वाढला, म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी. पण समोर खायला भरपूर होतं आणि त्यांनी त्या वाढीव खर्चापेक्षा कितीतरी जास्त खाल्लं, तेही मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतर. पाच दिवसांत सरासरी ८०० ग्रॅमच्या वर वजन वाढलं.

तुमच्या घरातला रात्री साडेअकराचा देखावा आठवून बघा. जेवणं नऊला झालेली असतात. सिरीयल किंवा मॅच चालू असते आणि कुणीतरी चिवड्याचा डबा काढतं. जागरणाने जळलेल्या शंभर कॅलरी त्या डब्यातल्या दोन मुठींत परत येतात, वर आणखी घेऊन येतात.

झोप झाली नाही की दिवसभर खा-खा होते. ही खरी भूक की मनाची?

खरी आहे, आणि हे मी मुद्दाम ठासून सांगते. कारण माझ्यासमोर बसलेली निम्मी माणसं "मला खाण्यावर ताबाच ठेवता येत नाही" असं म्हणत स्वतःला दोष देत असतात.

भुकेचा कारभार मोठ्या प्रमाणात संप्रेरकांवर चालतो. लेप्टिन १९९४ मध्ये सापडलं. ते चरबीच्या पेशींमधून येतं आणि "साठा पुरेसा आहे" असं मेंदूला कळवतं. घ्रेलिन १९९९ मध्ये सापडलं. ते मुख्यतः जठरातून येतं आणि "आता खायला हवं" म्हणून सांगतं. २००४ साली शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. त्यांना दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या खेपेला दहा-दहा तास. झोप कमी असताना लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि भूक जवळजवळ पावपट वाढली. सगळ्यात जास्त ओढ कसली वाढली, तर गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. काकडीची कोशिंबीर खावीशी कुणाला वाटली नाही.

नंतरच्या सगळ्या प्रयोगांत संप्रेरकांचे आकडे असेच आले असं नाही, ते वर-खाली होतात. पण कमी झोपलेला माणूस जास्त खातो, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं. त्यात मेंदूचाही हात आहे. २०१३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रात्रभर जागवलेल्या तरुणांना खाण्याच्या पदार्थांची चित्रं दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. तारतम्याने निवड करणारा पुढचा भाग मंदावलेला होता आणि हव्यासाशी संबंध असलेला आतला भाग जास्त चेतला होता.

चाकणच्या एका कारखान्यातल्या गृहस्थांची वही माझ्या लक्षात राहिली आहे. दिवसपाळीच्या आठवड्यातलं पान साधं होतं: पोहे, डबा, चहा, रात्री भाकरी-पिठलं. रात्रपाळीच्या आठवड्याचं पान मात्र दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. "४ वा. चहा-खारी. ५ वा. वडापाव. ६.३० फरसाण." आणि शेजारी बारीक अक्षरात स्वतःच लिहिलं होतं, "भूक नव्हती. पण खाल्लं." माणूस एकच, घरातला डबाही तोच, फक्त झोप निम्मी झाली होती.

मग नुसती झोप वाढवली तर वजन उतरेल?

जादू होणार नाही, पण खाणं आपोआप कमी होतं याला चांगला पुरावा आहे. २०२२ साली शिकागो विद्यापीठाने हा प्रयोग प्रसिद्ध केला. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारी, वजन जास्त असलेली ८० तरुण माणसं घेतली. त्यांतल्या निम्म्यांना फक्त झोपेबद्दल एकदा नीट समुपदेशन केलं. डाएट सांगितलं नाही, व्यायाम सांगितला नाही. ती आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात झोपत होती. त्यांची झोप रात्रीला सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि रोजचं खाणं साधारण २७० कॅलरींनी कमी झालं. आपल्या हिशेबात सांगायचं तर जवळपास रोजचा एक वडापाव सुटला, तोही न सांगता.

हा प्रयोग दोन आठवड्यांचाच होता, त्यामुळे वर्षभरात दहा किलो उतरतील असा हिशेब कुणी मांडू नये. पण भुकेशी भांडत डाएट करण्यापेक्षा भूकच थोडी शांत झालेली बरी, एवढं मी माझ्या अनुभवावरून नक्की सांगते.

माझं डाएट चालू आहे. झोप पाच तासच होते, तरी वजन उतरतंय. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते काट्यावर दिसत नाही. २०१० साली, पुन्हा शिकागोलाच, दहा जणांना दोन आठवडे मोजकं खाणं दिलं, एकदा साडेआठ तास झोपेसह आणि एकदा साडेपाच तास झोपेसह. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, सुमारे तीन किलो. पण नीट झोपले तेव्हा त्यातली १.४ किलो चरबी होती आणि कमी झोपले तेव्हा फक्त ०.६ किलो. उरलेलं वजन बहुतेक मांसपेशींसारख्या, अंगात राहायला हव्या त्या ऊतींमधून गेलं.

डाएटवाल्यांचा चेहरा उतरतो, हातपाय गळतात, केस विंचरतानाही दम लागतो आणि पोट मात्र तसंच राहतं. मला हे फार दिसतं. प्रथिनं कमी पडणं हे त्याचं एक कारण आणि झोप हे दुसरं. शिवाय मांसपेशी गेल्या की शरीराचा बसल्या जागचा खर्चही घटतो, आणि डाएट सुटल्यावर वजन झपाट्याने परत येतं.

नेमकी किती तास झोप हवी?

मोठ्या माणसाला सात किंवा त्याहून जास्त. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा. अंथरुणात पडून मोबाइल बघितलेला वेळ यात धरायचा नाही.

मला पाच तास पुरतात. वडीलही तेवढेच झोपायचे. त्यांना कधी काही झालं नाही.

थोड्या झोपेत खरोखर भागणारी माणसं असतात, पण फार क्वचित. बाकीच्यांना सवय होते, आणि सवय होणं म्हणजे पुरणं असं होत नाही. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांना चौदा दिवस रोज सहा तासच अंथरुणात राहू दिलं. त्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी झाली. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलेले आहोत असं वाटत होतं. घसरण आपली आपल्याला कळतच नाही, म्हणून मला याची जास्त धास्ती वाटते.

एक साधी परीक्षा करा. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता झोपा. रोजच्यापेक्षा दोन-अडीच तास जास्त झोप लागली, किंवा दुपारी मीटिंगमध्ये, एसटीत, कीर्तनात बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर पाच तास तुम्हाला पुरत नाहीत.

आठवडाभराची झोप रविवारी भरून काढली तर?

थकवा थोडा उतरतो. वजन आणि साखरेचा हिशेब मात्र जुळत नाही. कोलोरॅडोच्याच २०१९ च्या प्रयोगात शनिवार-रविवारी मनसोक्त झोपू दिलेल्यांनीही आठवड्यात रात्रीचं जास्तीचं खाणं सोडलं नाही, आणि पुन्हा कमी झोपेचे दिवस सुरू झाल्यावर त्यांची इन्सुलिनची परिणामकारकता घटलेलीच होती. रविवारी अकराला उठलात की रात्री एकपर्यंत झोप येत नाही आणि सोमवारची सुरुवातच उधारीवर होते. त्यापेक्षा रोज अर्धा तास लवकर पडा.

आजी म्हणते जास्त झोपलं की अंग सुटतं. आयुर्वेदातही दिवसा झोपू नये असं आहे ना?

आजीचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. चरकसंहितेत अतिझोप आणि दिवसाची झोप ही स्थूलतेच्या कारणांत धरली आहे. उन्हाळ्यात मात्र दिवसा झोपायला मोकळीक दिली आहे. पण त्याच ग्रंथात आहाराच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटलं आहे आणि पुष्टी असो की कृशता, बळ असो की दुबळेपण, सगळं झोपेवर अवलंबून असल्याचं सांगितलं आहे. लोकांनी त्यातला सोयीचा अर्धाच भाग लक्षात ठेवला. पाच तास झोपणाऱ्या माणसाला अतिझोपेचा इशारा द्यायचं काही कारण नाही.

वामकुक्षीबद्दल माझं मत असं: वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, तीनच्या आत. डोकं ताजं होतं आणि रात्रीच्या झोपेला धक्का लागत नाही. जेवून दोन तास ताणून दिली तर उठल्यावर डोकं जड होतं, हात चहाकडे जातो आणि रात्री बारापर्यंत डोळे टक्क उघडे.

नऊ-दहा तास झोपूनही सकाळी अंग आंबलेलं असेल तर प्रश्न निराळा आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, नैराश्य किंवा घोरण्याचा आजार यांपैकी काही आहे का, ते तपासून घ्या.

माझी रात्रपाळी आहे. नोकरी सोडता येत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. चाकण, भोसरी, रांजणगावचे कामगार, हिंजवडीत परदेशाच्या वेळेवर काम करणारी मुलं, रुग्णालयातल्या सिस्टर, सुरक्षारक्षक. ही माणसं जागी राहतात म्हणून बाकीच्यांचं चालतं. त्यांना "रात्री दहाला झोपा" असं सांगून वाटेला लावणं मला पटत नाही.

आधी कारण समजून घेऊ. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. ते चालतं कसं, हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रात्रीच्या वेळी शरीराची साखर पचवण्याची तयारी कमी करतं. दुपारी एकला खाल्लेला वरणभात आणि पहाटे दोनला खाल्लेला वरणभात ताटात सारखाच दिसतो, पण रात्री तोच भात रक्तातली साखर जास्त वाढवतो. बोस्टनमध्ये १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं ठेवून २०२१ साली याची पडताळणी झाली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली, आणि जेवणं दिवसाच घेणाऱ्यांची वाढली नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला जेवणाच्या वेळेचा. कामावर जाण्यापूर्वी, साडेसात-आठला घरी पोटभर जेवा. पोळी, उसळ, भाजी, ताक. कँटीनमध्ये पहाटे दोनला भात-रस्सा किंवा पुरी-भाजी असते ती टाळा. रात्री लागलंच तर मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, एखादं फळ, उकडलेलं अंडं. चहा पाळीच्या पहिल्या भागातच. पहाटे चारचा चहा सकाळी आठला झोपू देत नाही, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सकाळी घरी आल्यावर हलका नाश्ता करा आणि झोपा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

दुसरा सल्ला घरच्यांना. रात्रपाळीहून आलेला माणूस झोपतो तेव्हा त्याची रात्र असते, घरासाठी मात्र तो दिवस. कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, भंगारवाला, शेजारचा ड्रिल. एका घरातल्या वहिनींनी काय केलं ते सांगते. जाड चादर खिडकीला चार खिळ्यांवर अडकवली, बेलचं बटण बंद केलं, दारावर वहीचा कागद चिकटवला, "हे झोपलेत. फोन करा." आणि कुकर साडेसातलाच, ते यायच्या आत लावायला लागल्या. चार तासांची झोप सहावर गेली. खर्च म्हणावा तर खिळ्यांचा.

पाळ्यांचा क्रम ठरवणं आपल्या हातात नसतं, पण सुपरवायझरशी बोलता येत असेल तर सांगून बघा: पहिली, दुसरी, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो. आणि रात्रपाळी संपवून पेंगत दुचाकी चालवू नका. कंपनीची बस असेल तर तिनेच या. नसेल तर निघण्याआधी वीस मिनिटं तिथेच डोळे मिटा. इथे वजनाचा विचार दुय्यम आहे.

वजनाशिवाय आणखी काय काय बिघडतं?

साखर फार लवकर बिघडते. १९९९ साली अकरा तरुणांना सहा रात्री चार-चार तासच अंथरुणात ठेवलं, तर तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर उरकण्याची ताकद मधुमेहाच्या दिशेने झुकली. पुढच्या काही रात्री भरपूर झोप दिल्यावर ती सावरली, हा त्यातला दिलासा. महाराष्ट्रात घराघरांत मधुमेह आहे. ज्यांच्या आईवडिलांना साखर आहे त्यांनी जागरणाकडे या नजरेने पाहावं.

रात्री गाढ झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला उसंत मिळते. ती वारंवार हुकली तर बीपी वाढायला जागा होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदय सांभाळण्याच्या आपल्या यादीत आहार, व्यायाम, तंबाखू यांच्या जोडीला झोपही घातली. आणि सर्दी-पडसं? २००९ मध्ये १५३ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट सर्दी झाली.

चिडचिड, विसराळूपणा, मुलांवर उगीच ओरडणं, हे तर तुम्हीच मला सांगता.

जागरण केलं की पित्त होतं म्हणतात. खरं आहे?

हो. ज्यांना आधीच जळजळीचा त्रास आहे, त्यांची झोप कमी झाली की अन्ननलिका आम्लाला जास्त हुळहुळी होते, त्यामुळे तेवढंच आम्ल जास्त जाळतं. त्यात जागरणाबरोबर चहा, तळलेलं आणि खाऊन लगेच आडवं होणं येतं.

बाळंतपणाला वर्ष होत आलं. वजन जागचं हलत नाही. सगळे म्हणतात डिंकाचे लाडू जास्त झाले.

लाडवांवर सगळं ढकलू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे ९४० बाळंतिणींचा अभ्यास झाला. बाळ सहा महिन्यांचं असताना ज्या चोवीस तासांत पाच तास किंवा कमी झोपत होत्या, त्यांचं पाच किलो किंवा अधिक वजन वर्षभरानंतरही तसंच राहण्याची शक्यता सात तास झोपणाऱ्यांपेक्षा साधारण तिप्पट होती.

माहेरी असताना आई रात्री बाळाला मांडीवर घेते. खरी दमछाक होते सासरी परतल्यावर. म्हणून मी नवऱ्याला आणि सासूबाईंना सोबत बोलावते. अंगावर पाजायचं काम आईलाच करावं लागतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं हे कुणीही करू शकतं. बाळ दुपारी झोपलं की भांडी राहू देत, ताई, तुम्ही झोपा. आणि दूध चालू असताना कडक डाएट नको. रडू येत राहिलं, बाळ झोपलेलं असूनही झोप लागेना, तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

मी बदलापूरहून रोज फोर्टला जाते. पहाटे साडेचारला उठते, रात्री बाराला पाठ टेकते. झोप आणू कुठून?

तुमच्या दिवसात मला चैनीचा एक तास दिसत नाही. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तेवढी डुलकी घ्या, तीही कामाची असते. पण मोडक्या तुकड्यांनी रात्र भरत नाही.

मी अशा ताईंना एक कागद देते. रात्री आठ ते बारा आणि पहाटे साडेचार ते सहा, या वेळात घरात कोण काय करतं ते लिहायचं. बहुतेक कागदांवर एकच नाव असतं. भाजी निवडणं, कणीक मळणं, डबे, उद्याचे कपडे, ओटा, दूध तापवणं. बाकीच्यांच्या नावापुढे "जेवले, टीव्ही पाहिला." अशा घरात बाईचं वजन वाढलं तर मी तिची पोळी कमी करत नाही, कामं वाटायला सांगते. कणीक रात्री मुलाने मळावी, भाजी नवऱ्याने चिरावी, ओटा ज्याने शेवटी जेवलं त्याने पुसावा. आठवड्यातून दोन दिवस पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणल्या तर कुणाचं काही अडत नाही. या वाटणीतून रोज पाऊण तास सुटतो, आणि तो झोपेलाच द्यायचा, कपाट आवरायला नाही.

मुलगा दहावीला आहे. रात्री दोनपर्यंत अभ्यास करतो आणि वजनही वाढलंय.

पाठ केलेलं पक्कं होतं ते झोपेत. अकराला झोपवा. रात्रीच्या अभ्यासाबरोबर येणारे नूडल्स आणि बिस्किटांचा पुडा त्याबरोबर आपोआप बंद होतो.

झोप लागण्यासाठी थोडी घेतली तर काय हरकत? आणि झोपेची गोळी?

दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. घशाचे स्नायू सैल पडून घोरणं वाढतं, आणि कॅलरी वेगळ्या. झोपेसाठी दारू हा उपाय नाही.

गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजाऱ्याची तर नाहीच. काही गोळ्यांची सवय लागते, आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना तोल जायची भीती असते. तीन महिन्यांहून जास्त काळ आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नसेल, तर निद्रानाशासाठी खास वर्तनोपचार असतो. जगभर तज्ज्ञ आधी तोच सुचवतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे "वेड लागलं" असं नाही.

मग आज रात्रीपासून काय करू?

उठण्याची वेळ पक्की करा, रविवारीही. झोपण्याची वेळ मागोमाग जागेवर येते. शेवटचा चहा-कॉफी दुपारी तीनपर्यंत. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ. सकाळी अर्धा तास उजेडात चाला. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर कूस बदलत राहू नका, उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. सगळं एकदम जमणार नाही. उठण्याची वेळ आणि मोबाइल, इथून सुरुवात करा.

नवरा खूप घोरतो. दिवसभर पेंगतो, पोट वाढतंय. डॉक्टरांकडे चला म्हटलं की "गाढ झोप लागते म्हणून घोरतो" म्हणतो.

घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट पुन्हा पुन्हा बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागा करतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. माणसाला जाग आल्याचं आठवत नाही, पण आठ तास पडूनही झोप झालेली नसते. वजन वाढलं की हा आजार बळावतो, आजाराने झोप मोडली की खाणं वाढतं आणि वजन आणखी वाढतं. आपल्याकडे फार जाड नसलेल्या माणसांनाही तो होतो. न जुमानणारं बीपी, सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार लघवीला उठणं ही त्याची सोबत.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात, ती एका रात्रीत होते. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीचे डॉक्टर सांगतात. आजार जास्त असेल तर रात्री नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र देतात. १९८१ पासून ही पद्धत वापरात आहे. आजार सौम्य असेल तर कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं आणि वजनात दहा टक्के घट यानेही बराच फरक पडतो.

त्यांना पटवायचं कसं? भांडू नका. ते झोपले की मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. घोरणं चालू, मग एकदम शांत, छाती हलतेय पण श्वास नाही, आणि मग गुदमरून घेतलेला मोठा श्वास. एका बाईंनी असा व्हिडिओ सकाळी चहाच्या वेळी काही न बोलता नवऱ्यासमोर ठेवला. त्याने दोनदा पाहिला आणि विचारलं, "रोज असं होतं?" त्याच आठवड्यात दोघं डॉक्टरांकडे गेले. तोच व्हिडिओ डॉक्टरांनाही दाखवा, त्यांच्या कामाला येतो.